मुक्तिनाथाच्या अलीकडून परतलेली अक्का

अक्का गेली त्याला महिना उलटला. त्या सकाळी मी दूध आणायला चौकात गेलो होतो. हायवेवर ट्रकांची रांग लागलेली, रस्ता ओलांडता येईना. तेवढ्यात बायकोचा फोन आला. "या…" एवढंच म्हणाली. मला कळलं. तरी ट्रक सरकेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि घरातले आम्ही सगळेच फार थकलो होतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. उमरग्याच्या आसपासच्या खेड्यांत तिनं नर्स म्हणून सगळी नोकरी काढली. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटांवर स्कूटर रुतायची, म्हणून दाजींची मोटारसायकल शिकली आणि पंजाबी ड्रेस घालून, मागं लसींचा डबा बांधून हिंडू लागली. लोक आधी हसले, मग तिच्या गाडीच्या आवाजाची वाट बघू लागले. पुढं दाजींना लकवा झाला. दिवसभर गावं, आणि घरी आल्यावर दाजींचं अंग पुसणं, कूस बदलणं, घास भरवणं… अशी वर्षांमागून वर्षं गेली. ती कधी कुरकुरली नाही. पण बोलता बोलता बसल्या जागी तिचा डोळा लागायचा, ते मी पाहिलंय.

दाजी गेले, ती निवृत्त झाली, आणि एक दिवस म्हणाली, "बाळू, मी नेपाळला चाललेय. मुक्तिनाथाला. गाडीवर."

"सोबत कोण?"

"कोण न्हाय."

देवाचं नाव होतं म्हणून भावकीनं फार अडवलं नाही. तिच्या मनात देव किती आणि रस्ता किती, हे मला आजही सांगता येणार नाही. नागपूर, गोरखपूर करत ती नेपाळच्या सीमेवर, सोनौलीच्या नाक्यावर पोचली. तिथं गाडीचा परवाना देणारा माणूस तिच्या पाठीमागं कोणी येतंय का बघत राहिला, हे सांगताना फोनवर खूप हसली. पुढं पोखऱ्यानंतर फोन तुटक होत गेले. रस्ता म्हणजे नदीकाठचे नुसते दगड, दुपारनंतर माणूस ढकलून देईल असा वारा. एका ओढ्यात गाडी आडवी झाली, पोटरी सायलेन्सरला भाजली. ट्रकवाल्यांनी गाडी उचलून दिली. ती तशीच पुढं गेली आणि काग्बेनी नावाच्या गावात एका बाईच्या घरी मुक्कामाला थांबली. तिथून देऊळ तासाभराच्या चढणीवर. सकाळी अक्कानं बूट घातले, गाडी काढली… आणि खालच्या, परतीच्या रस्त्याला लावली.

ती परत आली तेव्हा आम्ही हार घेऊन वेशीवर उभे होतो. आमच्या आत्यानं तिच्या पायांना हात लावला आणि प्रसादासाठी ओंजळ पुढं केली. अक्का म्हणाली, "आत्या, पाया नका पडू. मी देवळापर्यंत गेलेच न्हाय."

"म्हंजी? एवढं जाऊन?"

"दमले. फिरले."

हार घालावा की नाही ते कुणाला सुचेना. आत्या तर रडायलाच लागली. शेवटी अक्कानंच तो हार घेऊन गाडीच्या हँडलला अडकवला आणि चहा मागितला.

बऱ्याच दिवसांनी एकदा मी विचारलंच, का फिरलीस म्हणून. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "जन्मभर मी बाळंत होणाऱ्या बायांना म्हणत आले, अजून थोडं, अजून थोडा जोर लाव. तुझ्या दाजींना तेच, अजून एक घास. मला मात्र 'बस झालं आता' असं कुणी म्हटलंच न्हाय रे. त्या सकाळी गाडीवर बसले आणि माझं मलाच म्हटलं. लई बरं वाटलं." मग म्हणाली, "घाट उतरताना मी गाणी म्हणत होते."

गेल्या वर्षी तिला पोटाचा कॅन्सर निघाला. सोलापूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. केस गेले, चव गेली. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा औषध बदलून बघू. तिनं विचारलं, "त्यानं मी घरात हिंडाय लागेन का?" डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. परतताना मी गाडीत तिच्याशी भांडलो, अक्का, एवढ्यावर सोडून देतेस? ती डोळे मिटून होती. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाळू, तूबी दमलास." त्यानंतर सोलापूरची फेरी झाली नाही. शेवटचे महिने ती माझ्या घरी होती, तिची मोटारसायकलही अंगणात. दुपारी उन्हाची तिरीप पायांवर घेऊन पडून राहायची.

अक्का गाडी कायम रस्त्याकडं तोंड करून लावायची. परवा मेकॅनिक दुरुस्तीला नेलेली गाडी परत आणून सोडून गेला, भिंतीकडं तोंड करून. येता-जाता ते डोळ्यांत खुपत राहिलं. संध्याकाळी बायकोच म्हणाली, "वळवू या का?" गाडी जड, अंगण अरुंद. मी हँडल धरलं, तिनं मागून रेटा दिला. पुढं-मागं, पुढं-मागं करत कशीबशी वळवली. दोघांनाही धाप लागली. पायरीवर टेकलो.

"चालवणार कोण आता ही?" तिनं विचारलं.

"कोण न्हाय," मी म्हणालो. "राहू दे अशीच."