अक्काचा जबडा

धुळ्याला दातांच्या दवाखान्यात मी दाढ काढायला गेलो होतो. शेजारी अमळनेरकडची साठीची एक बाई बसली होती. उजवा जबडा लिंबाएवढा सुजलेला. बाकी सगळे तोंडाला रुमाल बांधून. हिनं मात्र पदर मुद्दाम कानामागे खोचलेला.

"अक्का, तोंड झाका ना," समोरचा एकजण म्हणाला.

"कसाले? मी काय चोरी करेल शे का?"

तंबाखू-मिसरीला तिनं कधी बोट लावलं नव्हतं. तरी गावानं कॅन्सर ठरवूनच टाकला होता. माणसं शेवटची भेट म्हणून येत, जबडा निरखत आणि चहा पिऊन हळहळत जात. सांगत ती मला होती, पण आवाज अख्ख्या रांगेसाठी होता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई तिचा रिपोर्ट घेऊन दारातच आल्या. "अक्का, कॅन्सर नाही. साधी गाठ आहे, क्वचित कुणाला होते. पण हाड पोखरते. जबड्याचा तुकडा काढावा लागेल. चेहरा थोडा वाकडा दिसेल."

मला वाटलं, आता तरी पदर पुढे येईल.

"काढा," ती म्हणाली. "मंग माले देखाले जे जे उनात, त्या सगळासना घर मी जासू. च्या पेवाले."