घारीसाठी ठेवलेलं पिल्लू

घारीनं माझ्या डोक्याला नख लावलं, त्या दिवसापासून माझं आणि तिचं वैर सुरू झालं. सौंसर तालुक्यात, रामाकोन्याच्या अलीकडे माझं सासर. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि लग्नाला तीन वर्षं झाली होती. अंगणात कोंबड्यांना कण्या टाकत होते, एवढ्यात मागून वाऱ्याचा झोत आल्यासारखं झालं, डोक्यावर फटका बसला आणि पायाशी टिपणारं पिल्लू वर गेलं. पदर मागे सारून पाहिलं तर बोटांना रक्त.

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "घार डोक्याले लागली का घरात काही तरी वाईट होते. मीठ ओवाळून टाक."

मी मीठ ओवाळलं नाही. मला राग आला होता, आणि माझा राग मिठानं उतरणारा नव्हता.

घार मग रोज येऊ लागली. आमच्या बुटक्या घराच्या आढ्यावर, माझ्या डोक्यापासून दोन-तीन हातांवर बसायची. हुसकलं तरी हलायची नाही. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, माझ्या पायांमधून पिल्लांकडे बघायची. मी म्हणजे मध्ये आलेली एखादी पाटी किंवा खराटा. चौदा पिल्लांतली पाच उरली. त्या कोंबड्या मी माहेराहून आणलेल्या, त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं, त्यामुळे एकेक पिल्लू गेलं की मी आतल्या आत जळायची.

एक दिवस सकाळीच एक चांगलं वाढलेलं पिल्लू तिच्या नखांतून सुटून पडलं आणि तडफडून मेलं. नवरा कापसाची गाडी घेऊन पांढुर्ण्याला गेला होता. गोठ्यात कपाशीवर फवारायचं औषध होतं. आमच्याकडे विषालाही औषधच म्हणतात. मी पिल्लाचं पोट फाडलं, आत औषध ओतलं आणि काठीनं ढकलून ते छपराच्या कवेलूंवर ठेवलं. सासूबाईंनाही सांगितलं नाही. मग हात तीनदा धुऊन ओट्यावर बसले. मन इतकं शांत होतं, की आज आठवलं तरी भीती वाटते.

ती आली, पिल्लू उचललं आणि निघाली. पण वर दुसरी घार टपून होती. दोघींची झटापट झाली आणि पिल्लू सुटलं. पडलं ते नाल्यापलीकडे, बौद्धांच्या वस्तीत.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. घारीनं टाकलेली कोंबडी ज्याच्या अंगणात पडेल त्याची. आदल्याच वर्षी आमच्या अंगणात एक पडली होती, तर आभाळातून आलेलं नाकारू नये म्हणत सासूबाईंनी तिचा रस्सा केला होता. मी दोन वाट्या प्यायले होते.

मी लगेच धावले नाही, हेही सांगायला हवं. जाऊन विचारायचं म्हणजे कबूल करायचं. सासूबाई काय म्हणतील, गाव काय म्हणेल, कुत्र्यानंच नेलं असेल, असं मनाशी घोळवत मी बसून राहिले. भाकरी थापल्या, दोन करपल्या. शेवटी राहवेना म्हणून निघाले.

नाला ओलांडला आणि रश्श्याचा वास आला. पहिलंच घर आमच्या शेतात कापूस वेचायला येणाऱ्या बाईचं होतं. तिचा नवरा आमच्या कपाशीवर फवारणी करायचा. पोरगी सातव्या महिन्यात बाळंतपणाला आलेली. त्या घराच्या उंबऱ्यात मी कधी पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी चपलांसकट आत गेले. पोरीच्या हातात घास होता. तो मी झटकून पाडला, ताटली उलथली आणि चुलीवरचं रश्श्याचं गंज राखेत कलंडून दिलं.

पोरगी पोटावर हात धरून भिंतीला टेकली. तिची आई उठून उभी राहिली.

"बाई, काय केलं हे तुमी?" तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. शेतमालकाच्या घरची बाई येऊन चुलीवरचं अन्न सांडून गेली, एवढंच तिला दिसत होतं.

मी एका दमात सगळं सांगितलं. ती राखेकडे बघत ऐकत राहिली.

"ते आमच्या दारातच पडलं होतं. हिच्या बापानं उचललं. रोज फवारते तो, त्याले वास कळते. नाल्याकाठी पुरून आला, कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगडही ठेवला."

"मग हे?"

"हा आमच्या घरचा कोंबडा. पोरीसाठी कापला होता." थोडं थांबून म्हणाली, "आन् आमी पडलेलं खात नाई, बाई. दीक्षा घेतली तवाच सासऱ्यानं ते बंद केलं."

माझी मान वर होईना. पडलेलं उचलून खाणारं घर कुठलं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

"आमी सकाळपासून इचारच करून राहिलो होतो, हे कोणासाठी ठेवलं असंन म्हणून."

"घारीसाठी, मावशी. शपथ."

"असंन." मग तिनं विचारलं, "तुमाले ते पडताना कवा दिसलं?"

दाराबाहेर ऊन डोक्यावर आलं होतं. पिल्लू पडलं तेव्हा ते कोवळं होतं. ती खाली बसून राखेतले तुकडे गोळा करू लागली.

घरी आले तेव्हा घार आढ्यावर बसलेली होती. मी तिला हुसकलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी सगळ्यात चांगली कोंबडी घेऊन मी पुन्हा गेले. बाई दारात सारवत होती. मी कोंबडी पुढे केली. तिनं शेणाचे हात वर धरून मान हलवली.

"राग नाई, बाई. कापूस वेचाले येईन मी उद्या. पण तुमच्या घरचं आता आमच्या पोटात उतरत नाई."

आमच्या घरात तिच्या हातचं पाणी कधी चाललं नव्हतं, आणि का चालत नाही हे तिनं कधी विचारलं नव्हतं. मीही काही विचारलं नाही. कोंबडी बगलेत धरून नाला ओलांडला.