आधी नमस्कार, मग तळपाय

नळदुर्गला हायवेलगत माझं पार्लर आहे. भुवया, मेंदी सगळीकडंच असतं. माझं नाव झालं ते काशाच्या वाटीवर. तळपायाला करडीचं तेल लावून वाटीनं चोळत राहायचं. अंगातली उष्णता उतरते, बाई बसल्या जागी घोरायला लागते. वाटी घरोघरी होती, पण खुर्चीत बसवून हे काम धंदा म्हणून करणारी गावात मीच पहिली. हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते.

मग समोर स्पा उघडला. काचेचं दार, एसी, आणि काशाची थाळी फिरवणारं मशीन. वर पाय ठेवायचे नि मोबाईल बघत बसायचं. मालकीण सोलापूरची, तिशीतली, चुणचुणीत. बघता बघता माझ्या खुर्च्या ओस पडल्या. माझा नुसता तिळपापड झाला. मी वाफेचं यंत्र आणलं, वासाच्या मेणबत्त्या लावल्या. त्यांनी मलाच शिंका यायला लागल्या, गिऱ्हाईक काही आलं नाही. आता गाशा गुंडाळावा लागणार, असं दिसायला लागलं.

बेंबळीहून माझ्याकडं नेमानं येणारी एक तरुण मास्तरीण एकदा बाजारात दिसली. तिला मी गाठलंच. माझ्या हातात काय खोट आली, म्हणून विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "मावशी, हात लई गुणाचा हाय तुमचा. पण तुम्ही आईच्या वयाच्या. तुम्ही पाय धरला की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हतं. मशीनला पाय लावला तर पाप न्हाय."

आमच्याकडं थोरल्या माणसाला चुकून पाय लागला तरी लगेच नमस्कार करतात. इथं तर मी पोरींचे पाय मांडीवर घेत होते. माझे केस पिकत गेले तशा त्या अवघडत गेल्या, नि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी नियम केला. लहानीनं आधी माझ्या पाया पडायचं, मी आशीर्वाद द्यायचा, मग तिनं निर्धास्त पाय पुढं करायचे. बाया हसल्या, वाकल्या, आणि गाढ झोपल्याही. मास्तरीण जावेला घेऊन आली. दिवाळीच्या आत मला बाहेर बाकडं टाकावं लागलं. असली युक्ती कुठल्या मशीनवाल्याला सुचली नसती. मला सुचली, याचा मला फार अभिमान आहे.

उन्हाळ्यात एका दुपारी समोरची मालकीण आली. उभं राहून राहून पाय सुजलेले. मी मुद्दामच विचारलं, मशीन बिघडलं का.

"मशीन चांगलंय, मावशी," ती म्हणाली. "पण त्यानं झोप येत नाही."

आणि मी नियम सांगायच्या आत तिनं चपला दाराशी काढल्या, वाकून माझ्या पायांवर डोकं टेकवलं. सुखी राहा म्हणत मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे पाय मांडीवर घेऊन मी वाटी फिरवायला लागले, तशी ती घोरायला लागली.

समोर तिच्या काचेच्या दाराशी दोन बाया ताटकळत उभ्या दिसल्या. मी काही तिला उठवलं नाही.