वडखळ नाक्यावर थांबणारा टँकर

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी वडखळ नाक्यावरची ती घटना मनातून गेलेली नाही. तेव्हा पोलीस अधिकारी म्हणून माझी नेमणूक पेण भागात होती. रोह्याच्या एका कंपनीतून रसायनाचे टँकर पनवेलकडे जात. त्यांतले काही पनवेलच्या वजनकाट्यावर कमी भरू लागले. टँकर भरून घेणाऱ्या सुपरवायझरने फिर्याद दिली. दोनच दिवसांत फोनवर खबर आली : जोहे गावचा एक ड्रायव्हर प्रत्येक खेपेला वडखळला थांबतो आणि माल काढून विकतो.

आम्ही सापळा लावून टँकर अडवला. ड्रायव्हर पन्नाशीचा, शांत माणूस.

"थांबतो व्हय, साहेब. बायको हितं सुकी मासळी विकते. तिच्यासंगं भाकर खातो. पण थेंब काढला नाय."

असे जबाब मी शेकड्यांनी ऐकले होते. दिवसभर तेच प्रश्न उलटसुलट विचारले; उत्तर बदललं नाही. त्याची बायको पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून होती. कंपनीने त्याला कामावरून बंद केलं. नाक्यावर तिची मासळीही कोणी घेईना.

टँकरच्या थांब्यांची नोंद घ्यायला मी रोह्याला कंपनीत गेलो. ते काम पाहणारी मुलगी धरमतरकडच्या मिठागर कामगाराच्या घरातली. तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि मी पाहतच राहिलो. कंपनीच्या सगळ्या टँकरांच्या हजारो खेपा तिथे होत्या. वेग, ब्रेक, वळणं, टायरमधली हवा, चाकांवरचा भार, सगळं मिनिटामिनिटाला नोंदलेलं.

"हे चोर पकडायला नाय लावलं, सर. टायर कुठं झिजतात, डिझेल कुठं वाया जातं, गाडी कधी सोडली की लवकर पोचते, ते बघायला लावलं. एका खेपेवरून काय कळत नाय. सगळ्या एकत्र ठेवल्या की कळतं. त्यावरच आमी गाड्यांच्या वेळा बदलल्या."

"वडखळला भार कमी होतो?"

तिने ड्रायव्हरच्या खेपा काढल्या. रोह्यापासून पनवेलपर्यंत भाराची रेघ सरळ होती. थांब्यावरही ती हलली नव्हती. मग तिने कमी भरलेले सगळे टँकर निवडले. ते फाटकातूनच हलके निघाले होते, आणि सगळे एकाच माणसाच्या शिफ्टमध्ये.

तिचा आवाज खाली आला. "फिर्याद देणारेच, सर. माझे साहेब हायेत ते. पण जबाबात माझं नाव लिहा."

सुपरवायझरला बोलावलं. आधी तो हसला. नोंदींचे कागद समोर ठेवल्यावर पाणी मागितलं. टँकर कमी भरायचा, कंपनीच्या काट्याची पावती मात्र पूर्ण वजनाची काढायची आणि उरलेलं रसायन पिंपांत भरून भंगाराच्या टेम्पोतून बाहेर पाठवायचं, असा उद्योग होता. खबर देणारा फोनही त्याच्याच माणसाचा. रोह्याबाहेरच्या एका शेडमध्ये पंचांसमक्ष पिंपं सापडली.

ड्रायव्हरला कंपनीने परत घेतलं. मी त्याची माफी मागितली, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "पयल्या दिवशी त्यानं ह्येच सांगितलं व्हतं."

नोकरीभर मी माणसांचे चेहरे वाचण्याचा अभिमान बाळगला होता. धंद्याची बचत व्हावी म्हणून साठवलेली माहिती एका निरपराध माणसाची सुटका करू शकते, याने मी थक्क झालो होतो, आजही होतो. पण चोरीच्या बाबतीत ती माहिती कित्येक महिने तशीच पडून होती. तिच्यात शोधायचं काय, हे कुणीतरी विचारावं लागतं, आणि दिसलेलं नाव वरिष्ठाचं असलं तरी ते सांगणारं माणूस लागतं. त्या मुलीचा जबाब लिहून घेताना मी आदराने उभा राहिलो होतो.