सुतळीचं दुसरं टोक

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. स्टॅटिस्टिक्स शिकवून पोट भरणारा माणूस आहे मी. तरीही लिहितोय... कारण घरी हे बोलता येत नाही.

इथे परदेशात, आमच्या मॉरिसव्हिल गावापासून तासाभरावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं पाइनचं रान आहे. २००३ पासून शिकारीच्या सीझनमध्ये दर शनिवारी मी आणि शिरीष तिथे हरणांसाठी जायचो. शिरीष नागपूरचा, ग्रॅड स्कूलपासूनचा मित्र. बंदूक त्याची, मी नुसता सोबतीला, मांडीवर पुस्तक घेऊन. दोन झाडांवर दोन मचाणं, मध्ये चाळीसेक पावलं दाट झुडपं. एकमेकांना दिसायचो नाही आणि बोलायची तर सोयच नाही. म्हणून शिरीषने या मचाणापासून त्या मचाणापर्यंत सुतळी बांधली होती. एक झटका म्हणजे हरीण आलं. दोन म्हणजे, ठीक आहेस ना? उलट दोन आले की ठीक. तीन आले तर ठीक नाही, उतर आणि इकडे ये.

तीन कधीच आले नाहीत.

"प्रोफेसर, पान हळू उलट यार," परतताना गाडीत तो म्हणायचा. "हरणं पार व्हर्जिनियाला पळतात."

"आणि तुझ्या खोकल्याने?"

"त्याची त्यांना सवय झालीय."

२००६ च्या सीझनमध्ये तो खोकला फारच वाढला होता. मी पुन्हा पुन्हा दोन झटके द्यायचो. दोन परत यायचे, लगेच.

मार्चमध्ये तो गेला. फुप्फुसाचा कॅन्सर. नंतर वैशाली, त्याची बायको, सहज म्हणाली, "डॉक्टरांनी सप्टेंबरातच सांगितलं होतं. तुम्हाला ठाऊक असेल असंच वाटलं मला, भावजी. दिवस दिवस बरोबर असायचात."

मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या नोव्हेंबरात मचाणं उतरवायला म्हणून एकटाच गेलो. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. आधी माझ्या मचाणावर चढून बसलो. सुतळी कठड्याला होती, पण सैल. पावसाने झाली असेल, असं वाटलं. हरणाची एक मादी आली, उभी राहिली, निघून गेली. मी झटका दिला नाही. मग मात्र त्याने न सांगितल्याचा राग अनावर झाला — सुतळी दोनदा ओढली. ठीक आहेस ना?

बराच वेळ काही नाही.

मग सुतळी ताणली गेली. एक. दोन. जरा थांबून, तीन.

कसा उतरलो आठवत नाही. झुडपं ओलांडून पोहोचलो तर त्या झाडावर मचाणच नव्हतं. सुतळीचं टोक पाइनच्या वाळक्या सुयांत पडलेलं, कशालाच न बांधलेलं. आसपास कोणी नाही.

शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, शिरीष गेल्या डिसेंबरातच एकटा येऊन आपलं मचाण सोडवून घेऊन गेला. "तुला बोलला नाही?"

नाही. हेही नाही.

सुतळी हरणाच्या पायात अडकली असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. एक झटका पटतो. मोजून तीन, तेही विचारल्यावर... ते पटत नाही. भीती मात्र वाटली नाही, तेव्हाही आणि आताही. लागतं ते वेगळंच. सबंध सीझन तो मला दोन-दोन देत राहिला आणि खरं उत्तर दिलं ते असं, सगळं संपल्यावर.

तीन म्हणजे इकडे ये. मी लगेच आलो होतो, शिरीष. तेव्हाही आलो असतो.