ओरडली असती तर

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण माझ्या सुनेचं माहेर पार अरुणाचलात, आणि तिची आई गुडघ्यांनी घरातच अडकलेली. मी फोनवर विहीणबाईंना म्हणाले, "चिंता मत कीजिए, बहू मेरी जिम्मेदारी है." सुनेने ते आपल्या भाषेत सांगितलं. पलीकडचं उत्तर सांगताना ती लाजली. "आई, मां बोल रही है, ये दर्द में आवाज नहीं करती, इसका चेहरा देखते रहना."

त्यांच्या घरातल्या बायका कळा तोंड मिटून सोसतात, आरडाओरड्याने बाळ घाबरतं म्हणे. मी माझ्या मुलाच्या वेळी सगळं इस्पितळ डोक्यावर घेतलं होतं, त्यामुळे मला याचं मोठंच कौतुक वाटलं.

लग्न होऊन आली तेव्हापासून उज्जैन तिला पाहुणीच समजतं. टावर चौकातला बांगड्यावाला दर वेळी विचारतो, "नेपाल से हो?" राम घाटावरच्या पंड्याने तर तिला इंग्रजीत हाक मारली होती. ती हसून सोडून देते. मी भांडते. बाळंतपणासाठी शहरातल्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने तिचा पासपोर्ट मागितला. मी आधार कार्ड तिच्यासमोर आपटलं. "आई, जाने दो ना," सून म्हणाली. कळा सुरू असताना!

आत घरच्या एका बाईला थांबू देत होते, म्हणून मी तिच्या उशाशी होते. शेजारच्या खाटेवरची बाई गल्ली गोळा होईल अशी किंचाळत होती आणि सिस्टर तिच्याभोवती घुटमळत होती. आमची छताकडे बघत पडलेली. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "सिस्टर, अब आ रहा है."

सिस्टरने उत्तर मला दिलं, जशी काही सून तिथे नव्हतीच. "माताजी, अभी टाइम है. और ये पहाड वाली तो जंगल में जन लेती हैं, इनको कहां दर्द होता है."

तिने पुन्हा सांगितलं. "चुपचाप लेटी रहो," सिस्टर म्हणाली. चुपचापच तर होती बिचारी, अजून किती चूप राहायचं?

मी तिचा चेहरा बघत होते. ओठ पांढरेफटक पडले होते. तिची नखं माझ्या मनगटात रुतली तेव्हा मी उठले, दारात गेले आणि जीव खाऊन ओरडले, "डॉक्टर साब! मर जाएगी मेरी बहू!" डॉक्टरीणबाई धावत आल्या. तोवर बाळाचं डोकं दिसू लागलं होतं आणि मानेला नाळेचा वेढा होता.

मुलगी झाली, निळी आणि मुकी. ती रडेपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं, की विहीणबाईंना हे सांगायचं कुठल्या तोंडाने. मग ती रडली, आणि मी खाटेचा कठडा धरून खाली बसले.

"पहले बताना था न," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दो बार बताया इसने," मी म्हणाले.

"ऐसे बताते हैं क्या?" सिस्टर म्हणाली. "चिल्लाती तो पता चलता."

दुसऱ्या दिवशी तक्रार करायला गेले, तर मॅनेजरने चहा मागवला. "बच्ची ठीक है न, माताजी? फिर?" त्या 'फिर'चा राग अजून गेलेला नाही. चहा तसाच टाकून मी उठून आले.

नात आता चार वर्षांची आहे. परवा बागेत घसरगुंडीवरून पडली. हनुवटी फुटली, फ्रॉकवर रक्त ठिबकायला लागलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. तोच चेहरा. बाकावरची एक बाई कौतुकाने म्हणाली, "कितनी समझदार बच्ची है, रोती भी नहीं."

सून धावत आली. लेकीसमोर बसली, ओढणीने रक्त पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "रो ले बेटा. जोर से रो. यहां रोना पडता है, तभी कोई आता है."

पोरीने आईकडे नीट पाहून घेतलं. मग भोकाड पसरलं.