ऐरण वाजत होती

मीरा, ओंकार — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. पूजेला बसल्यावर ते मनात यायला लागलं की मी निमित्त काढून उठत असे. तुम्ही मला व्यवस्थित आजी म्हणून ओळखता. डबे ओळीने, औषधं वारांप्रमाणे, शब्द दिला की पाळणार. ते सगळं खरं आहे. पण तेवढंच खरं नाही.

गोष्ट एका ऐरणीची आहे. ऐरण म्हणजे लोहार ज्याच्यावर तापलेलं लोखंड ठेवून ठोकतो तो पोलादाचा ठोकळा. तुम्ही कदाचित कधी पाहिलीही नसेल. एके काळी तुमच्या बाबाला तिच्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं — हे त्याने तुम्हाला कधी सांगितलं आहे का? नसेल सांगितलं. त्याला वाटतं, सांगण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दौंडला राहत होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, आजोबा रेल्वेच्या कचेरीत होते. बाबाने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि त्याला शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात नोकरी लागली. दोन मित्रांबरोबर तिथेच खोली घेऊन राहायचा, सुट्टीला घरी यायचा. सगळं सुरळीत होतं. मला सुरळीत असलेलं फार आवडतं.

मग एका हंगामात पाटसला रस्त्याकडेला त्याला एक लोहार दिसला. ऊसतोड्यांचे कोयते दुरुस्त करत बसलेला. बाबा एसटीतून सहज उतरला आणि दुपारभर त्याच्यासमोर उभा राहिला. त्या दिवसापासून तो बदलला. सुट्टीला घरी आला की मागच्या अंगणात कोळसा पेटवायचा. दौंडच्या भंगारवाल्याकडून रुळाचा एक तुकडा आणला, त्यावर ठोकायचा. आजोबांनी लोखंडाकडे पाहायच्या आधी पावती मागितली — "रेल्वेचा माल माझ्या घरात नको, बाबा रे!" पावती होती. आजोबा हसले आणि पेपर घेऊन बसले. त्यांना तो छंद वाटला. मला तेव्हाच भीती वाटली.

रुळावर काम नीट होत नव्हतं. तुकडा हलका, प्रत्येक ठोक्याला उडायचा, पातं वाकडं व्हायचं. त्याला खरी ऐरण हवी होती. ती नवशिक्याला मिळणं किती अवघड असतं, हे मी त्या वर्षी शिकले. शिरूरच्या बाजारातून त्याने मोठ्या हौसेने एक आणली. ती निघाली बिडाची, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाची, वरून काळा रंग दिलेली. पहिल्याच आठवड्यात तिचा कोपरा बिस्किटासारखा तुटला. तेव्हा त्याने मला ऐरण ऐकायला शिकवलं. हो, ऐकायला. बिडावर हातोडा मारला की आवाज येतो ठप्प, आणि तिथेच मरतो. मग शाळेतून येताना मला साडी-पर्ससकट भाजी बाजाराजवळच्या लोहाराकडे उभं केलं आणि त्याच्या ऐरणीवर एक ठोका मारायला लावला. टणकन् आवाज उठला आणि कितीतरी वेळ हवेत राहिला. "वर्गात मागच्या बाकावरचा उच्चार तुला पुढून कळतो, आई. हे नाही कळणार?"

कळलं होतं. अगदी नीट कळलं होतं. हे लक्षात ठेवा.

मग त्याला निमोण्याचे आप्पा भेटले. शिरूर तालुक्यातलं ते शेतीचं गाव. आप्पा म्हातारे लोहार, एक मुलगा, तो कंपनीत लागलेला, घरात भाता चालवायला कुणी नाही. बाबा रविवारी त्यांच्याकडे जाऊन घण मारायला लागला. आप्पांकडे त्यांच्या वडिलांची ऐरण होती. कितीतरी भंगारवाले मागून गेले, त्यांनी दिली नाही. बाबाला मात्र एक दिवस म्हणाले, तू घेऊन जा.

बाबाने घरी येऊन मला सांगितलं. आजोबांना नाही, मला. ऐरण आली की नोकरी सोडणार, पाटस रस्त्याला एक शेड बघून ठेवली आहे, हंगामाआधी कोयते घडवायला सुरुवात करणार. मी त्याला वाढत होते. मी म्हटलं, आमटी घे. मला काय वाटलं, ते स्पष्ट लिहिते. मला लाज वाटली. माझा मुलगा धोतराचा काचा मारून रस्त्याकडेला बसलेला मला दिसला. तो पँटच घालणार होता, पण मला तसंच दिसलं. नणंद काय म्हणेल, शिक्षकांच्या खोलीत काय बोलतील. आणि गंमत बघा — दरवर्षी मी नववीला श्रमप्रतिष्ठेवर इंग्रजी निबंध लिहायला देत होते. चांगल्या निबंधाखाली लाल शाईने शाबासकी देत होते.

आप्पांचा निरोप आला, ऐरण पडली आहे, येऊन एकदा बघून जा. त्या दिवशी बाबाला कारखान्यात जादा पाळी लागली होती, सुटी मिळेना. त्याने शाळेत फोन करून विचारलं, आई, तू जाऊन येशील? फक्त आवाज ऐक आणि सांग, रविवारी टेम्पो घेऊन येतो. मी हो म्हटलं. लगेच हो म्हटलं.

मी काही ठरवून गेले नव्हते — असं मी इथे लिहिणार होते. पण न्हावऱ्याला एसटी बदलून पुढच्या गाडीत बसले तेव्हा मी देवाकडे काय मागत होते? ऐरण वाईट निघू दे. एवढंच मागत होते. ठरवणं आणखी वेगळं काय असतं?

आप्पांच्या दारात पत्र्याची शेड होती, बाभळीच्या ओंडक्यावर ऐरण. सून आत भाकरी करत होती. आप्पांनी मला खाट दिली आणि मोठ्या आवाजात बोलायला लागले. मग माझ्या ध्यानात आलं — त्यांना ऐकूच येत नव्हतं. बाबाने हे मला सांगितलं होतं का? असेल. मी लक्ष दिलं नव्हतं. आप्पा माझ्या ओठांकडे बघून बोलत होते.

"शेड हलवताना ट्रालीवरनं पडली, बाई. दगडावर. हाताला तर ब्येस लागती. पर आतनं तडा गेला आसंल तर हाताला कळत न्हाई, कानालाच कळतो. आन् माझं कान तर हिनंच खाल्लं." त्यांनी ऐरणीकडे बोट दाखवलं आणि हसले. "लई वर्सं संसार केला हिच्यासंगं. आता तुम्ही आयका. तडा आसंल तर पोराला न्हाई द्यायची."

त्यांनी हातोडा उचलला. ठोका मारला. आणि ऐरणीकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

ऐरण वाजत होती.

भाजी बाजाराजवळची तिच्यापुढे काहीच नव्हे, अशी वाजत होती. पत्र्याखालच्या कोंबड्या उडाल्या. आवाज उठला, लांब गेला, आणि राहिला. माझ्या बांगड्यांत तो मला जाणवला. आणि तो माणूस, ज्याने तिच्यापायी कान घालवले, तो माझ्या तोंडावर तो आवाज शोधत होता.

मी मान हलवली. आडवी.

त्यांनी पुन्हा मारला, जोरात. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना ओठ दिसतील असं, सावकाश म्हटलं — "बद्द वाजते, आप्पा."

आतून सून पिठाच्या हातानं बाहेर आली. "आवो, वाजती की चांगली! हिकडं चुलीपतूर आलं!" ती ओरडून सांगत होती, हातवारे करत होती. आप्पांना कळलं ती काय म्हणते ते. ते तिच्यावरच हसले. "तू भाकरी थाप. तुला त्यातलं कळतंय." मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "ह्या मास्तरीणबाई हायेत. ऐरण त्यांच्याच पोराला जायाची. त्या कशाला वंगाळ सांगतील?"

त्यांचा हिशेब अगदी बरोबर होता. ज्या बाईच्या मुलाचं भलं होणार ती खोटं कशाला बोलेल? त्यांनी तळहात ऐरणीवर ठेवला आणि तसाच ठेवला. "पडली तवाच वाटलं व्हतं," म्हणाले. "माझ्या हातनं सुटली."

मी चहा प्याले. होय, त्यांच्या घरचा चहा प्याले. निघताना सून रस्त्यापर्यंत आली. वयाने माझ्यापेक्षा कितीतरी लहान. म्हणाली, "सासरा भाबडा हाय माझा, बाई. मी न्हाई." एवढंच. मी एसटी येते का ते बघत राहिले.

बाबाला मी काय सांगितलं? दुसऱ्या दिवशी त्याने शाळेत फोन करून विचारलं, आवाज कसा होता? मी जिभेने आवाज काढून दाखवला — ठप्प. तो आवाज त्यानेच मला शिकवला होता. तो म्हणाला, रविवारी मी जाऊन बघतोच.

रविवार येईपर्यंतचे दिवस मला अजून आठवतात. सांगून टाकण्याचे दिवस होते ते. रोज सकाळी ठरवायचं, आज त्याच्या कारखान्यात फोन करीन. एसटीडीच्या बूथपर्यंत एकदा गेलेसुद्धा. रांगेत उभी राहिले, आणि माझी पाळी आली तशी मागच्या बाईला म्हटलं, तुम्ही करा आधी. दुसरा काही मार्गच नव्हता, असं मला वाटत होतं — खोटं बोलणारी आई, नाहीतर पकडली गेलेली आई. तिसरी मला दिसत नव्हती. कबूल करणारी आई असू शकते, हे सुचलं नाही, की सोसलं नाही?

रविवारी बाबा जाऊन आला. ऐरण नव्हती. मी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आप्पांनी शिरूरच्या भंगारवाल्याला बोलावून ती देऊन टाकली होती. घरात राहिली तर कुणीतरी चांगली म्हणून नेईल आणि फसेल, म्हणून. वडिलांची ऐरण त्यांनी तोडायला दिली — कुणी फसू नये म्हणून. आणि बाबाचे हात धरून त्याची माफी मागितली. हे बाबाने मला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते, आप्पांसाठी. स्वतःसाठी नाही.

आणि मला काय झालं? एवढं सगळं लिहिलं ते या एका वाक्याकडे येण्यासाठी, आणि तरी हात अडतो आहे. मला हायसं वाटलं. तो समोर रडत होता, आणि माझ्या मनात आलं — बरं झालं, आता कुणी ती ऐरण वाजवून बघणार नाही. त्या दिवशी मी छान जेवले. जेवण करून पालकसभेला गेले.

नंतरचं तुम्हाला माहीत आहे. बाबा कारखान्यातच राहिला, वर चढला, कंपनीने त्याला परदेशी पाठवलं, तिथे तुमची आई भेटली, तुम्ही झालात. लोक मला म्हणत, बाई, मुलाला छान मार्गाला लावलंत. आप्पा गेल्याचं बाबाला कुणीतरी कळवलं, त्याने मला फोनवर सांगितलं. अखेरपर्यंत म्हणत होते म्हणे, माझ्या हातनं सुटली. मी फोनमध्ये "अरेरे" म्हटलं. तेही अगदी बरोबर वेळेला म्हटलं.

बाबा कधी कधी हसत म्हणतो, "बरं झालं आई तडा गेला, नाहीतर कोयते बडवत बसलो असतो." दर वेळी मी हसते. ते वाक्य मीच त्याला दिलेलं आहे. तो त्याच्यात सुखाने राहतो, की दुसरं काही नाही म्हणून राहतो? मला विचारता येत नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागेल. सांगायचं तर त्याच्या हातातलं तेही वाक्य काढून घ्यावं लागेल. इतकी वर्षं मी या दोन्हीच्या मध्ये उभी आहे, आणि तुम्हाला मी शांत दिसते.

तुम्ही झालात हे चांगलंच झालं. पण ते माझ्या बाजूने मोजायचं नाही. तेव्हा मला तुम्ही माहीत नव्हता. मला फक्त नणंद आणि शिक्षकांची खोली माहीत होती. सोन्यासारखी ऐरण वाजत होती आणि मी एका बहिऱ्या माणसाला सांगितलं की ती मेली.

हे मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही दोघांनी आपापलं वाचलं असतं. पहिला कागद मी इंग्रजीतच लिहिला होता. तो फाडला. तुमचं मराठी अजून कच्चं आहे, एवढं लांबलचक तुम्हाला झेपणार नाही. तुम्ही हे कागद बाबाकडे न्याल, आणि तो जेवणाच्या टेबलाशी बसून तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायला लागेल. एका ठिकाणी त्याचा आवाज थांबेल. ते ठिकाण कोणतं, ते मला माहीत आहे.